जपानमध्ये खायचं कसं? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

जपानला जायचं ठरलं की घरात व्हिसाच्याही आधी "तिकडे खाणार काय" ही चर्चा सुरू होते. मग बॅगेत थेपले, चिवडा, रेडी टू ईट उपम्याची पाकिटं चढतात, ग्रुप टूर असेल तर टूरवाले रोज संध्याकाळी इमानेइतबारे इंडियन डिनरला नेऊन बसवतात आणि माणूस आठ-दहा दिवस जपानमध्ये राहून पनीर बटर मसाला खाऊन परत येतो. बरं, ज्यांना तेच हवंय त्यांनी तेच खावं, पण एवढे पैसे घालून गेलोय तर निदान चव तरी घ्यावी की नाही.

अडतं कुठे ते सांगते. बहुतेकांचं घोडं पदार्थापर्यंत पोचतच नाही, ते ऑर्डर द्यायच्या भीतीनेच अडतं. मेन्यू वाचता येत नाही, आत शिरलं की सगळा स्टाफ एका सुरात "इराश्शाइमासे" (या, स्वागत आहे) ओरडतो, आपण बावचळतो, कसनुसं हसतो आणि आल्या पावली बाहेर. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की "जपानमध्ये खायलाच हवेत असे पदार्थ" वगैरे लिस्ट घेऊन फिरू नका, जिथे तोंड फक्त खायला उघडावं लागतं तिथून सुरुवात करा आणि जिथे बोलावं लागतं तिकडे हळूहळू सरका. खालच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्यात.

आधी घरी बसून करायचं काम

आपण काय खात नाही हे नीट ठरवा, नुसतं "मी व्हेज आहे" तिथे पुरत नाही. कारण दाशी. कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे बोनिटो मासा उकडून, धुरावून, खडखडीत वाळवून काढलेले कागदासारखे पातळ काप, यांचा पाण्यात उतरवलेला अर्क म्हणजे दाशी. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूपमध्ये दाशी, सोबा-उदोन नूडल्सच्या रश्श्यात दाशी, गोडसर ऑम्लेटमध्ये दाशी, उकडलेल्या पालकावर घालतात त्यातही दाशी. वेटरला विचाराल "यात मासे आहेत का", तर तो अगदी मनापासून नाही म्हणेल, कारण त्याच्या लेखी मासे म्हणजे ताटात दिसणारा तुकडा. तेव्हा दाशी चालणार की नाही हे तुमचं तुम्ही आधीच ठरवून टाका, आणि घरात चार माणसं असतील तर चौघांचं वेगवेगळं ठरवा, तिथे टेबलावर बसून वाद घालण्यात मजा नाही. चालत असेल तर बाकीचा लेख तुमच्यासाठी, नसेल तर पूर्ण शाकाहारींचा वेगळा भाग शेवटाकडे आहे.

नॉनव्हेज खाणाऱ्यांपैकी बरेच जण बीफ किंवा पोर्क टाळतात, त्यांनी पाच शब्द पाठ करावेत: ग्युनिकु बीफ, बुतानिकु पोर्क, तोरिनिकु चिकन, साकाना मासे आणि नुसतं निकु म्हणजे मांस. यातही ओसाका-क्योतोकडे नुसतं निकु म्हटलं की बीफ समजतात, तिकडचं निकु-उदोन म्हणजे बीफ घातलेलं उदोन. "ग्युनिकु वा ताबेरारेमासेन" म्हणजे मला बीफ चालत नाही. बोलता येत नसेल तर हेच वाक्य जपानी लिपीत फोनमध्ये सेव्ह करून ठेवा आणि स्क्रीन पुढे करा. जपानी करीपासून सावध, वरून भाज्यांची दिसली तरी तिच्या मसाल्याच्या वडीत बऱ्याचदा बीफची चरबी किंवा अर्क असतो.

फोनमध्ये कॅमेऱ्याने भाषांतर करणारं ॲप हवंच. पाकिटाच्या मागे अंडं, दूध, गहू, सोबा, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा आणि अक्रोड हे घटक असतील तर छापणं सक्तीचं आहे, बीफ-पोर्क-चिकन-जिलेटिन हे सक्तीच्या नाही पण शिफारशीच्या यादीत आहेत त्यामुळे बहुतेक कंपन्या तेही छापतात. शेंगदाण्याची ॲलर्जी आपल्याला माहीत असते, सोबाची म्हणजे बकव्हीटची कोणाला असेल तर मात्र तिथे जपायला लागतं.

इकडून नेताना ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, कैऱ्या आणि कुठलाही मांसाचा पदार्थ नेऊ नका, विमानतळावर वास घेणारी कुत्री असतात. चिवडा-थेपले न्या, काही बिघडत नाही.

पायरी १: व्हेंडिंग मशीन

रस्त्यात, स्टेशनवर, देवळाबाहेर, भातशेताच्या कडेलासुद्धा. बाटलीखाली निळी पट्टी म्हणजे गार, लाल पट्टी म्हणजे गरम, हिवाळ्यात लाल पट्टीवाला कॉफीचा कॅन आधी हात शेकायला आणि मग प्यायला. मुगिचा म्हणजे भाजलेल्या बार्लीचं थंडगार पाणी, त्यात कॅफिन नसतं, मुलांना बिनधास्त द्या, उन्हाळ्यात यासारखं दुसरं काही नाही. होजिचा म्हणजे भाजलेला चहा, जरा खमंग. या दोन्हींत साखर नसते म्हणून पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करू नका, दोन दिवस द्या. कुठे रामुने दिसलं तर नक्की घ्या, ते मशीनपेक्षा जत्रेतल्या आणि किराणा दुकानांत जास्त मिळतं, काचेच्या बाटलीत गोटी अडकवलेली असते आणि ती आत ढकलून प्यायचं, म्हणजे आपला गोटी सोडा, दोन्ही बाटल्या मूळ एकाच इंग्रजी डिझाइनच्या.

पायरी २: कोनबिनी

सेव्हन इलेव्हन, फॅमिली मार्ट, लॉसन. याला तिथे कोनबिनी म्हणतात आणि कोणाला हे सांगितलं की "अहो एवढ्या लांब जाऊन दुकानातलं पॅकबंद काय खायचं" असं म्हणतात, त्यांनी पहिल्याच सकाळी सेव्हन इलेव्हनमधला अंड्याचा सँडविच खाऊन बघावा आणि मग बोलावं.

इथला मुख्य माल म्हणजे ओनिगिरी, भाताचा त्रिकोण. शंभर येनचे साधारण पंचावन्न-साठ रुपये धरा, रेट बदलत असतो, आणि ओनिगिरी दीडशे-दोनशे येनला. याचं पाकीट उघडणं हीच एक कला आहे, भातावर गुंडाळायचा नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) कागद ओला होऊ नये म्हणून तो प्लास्टिकच्या दोन थरांच्या मधे ठेवलेला असतो. पाकिटावर १, २, ३ आकडे असतात. एक म्हणजे वरच्या टोकाची पट्टी सरळ खाली ओढत मागच्या बाजूने पूर्ण काढायची, मग दोन नंबरचा कोपरा धरून बाहेर ओढायचा, मग तीन नंबरचा. नीट जमलं की कुरकुरीत नोरी आपोआप भाताला चिकटून बसते. घाईत मधूनच फाडलंत तर नोरी प्लास्टिकमध्ये आणि भात हातात. आत काय असतं? उमे म्हणजे खारवलेलं आंबट फळ (लोणच्यातली फोड खाणाऱ्यांना हेच आवडतं), शाके म्हणजे सामन मासा, त्सुना-मायो म्हणजे ट्युना आणि मेयोनीज, कोंबू म्हणजे गोडसर शिजवलेलं शेवाळ, मेंताइको म्हणजे तिखट लावलेली माशाची अंडी. सुरुवात त्सुना-मायोने करा, उमे दुसऱ्या दिवशी.

काउंटरवर काचेच्या पेटीत तळलेलं चिकन असतं, फॅमिली मार्टचं फामिचिकि आणि लॉसनचं काराआगे-कुन, रात्री हॉटेलवर परतताना हे घेतलं नाही असा माझा एकही प्रवास झालेला नाही. थंडीच्या दिवसांत काही दुकानांत काउंटरजवळ ओदेन उकळत असतं, दाशीत मुळा, अंडं, तोफू, कोन्याकु (कंदाच्या पिठाची जेलीसारखी वडी), ज्यावर बोट ठेवाल ते काढून देतात. त्यातला मुळा घ्या, दिवसभर रश्श्यात मुरलेला असतो.

कॅशियर दोन गोष्टी विचारेल. खाणं गरम करून देऊ का, "आतातामेमासु का", मान हलवा. आणि पिशवी हवी का, "फुकुरो", तिचे दोन-चार येन वेगळे पडतात. टॅक्सचीही एक गंमत आहे, २०१९ च्या ऑक्टोबरपासून खाणं घेऊन गेलात तर ८ टक्के आणि तिथेच बसून खाल्लंत तर १० टक्के, दारूवर कायम १०. फरक किरकोळ आहे, पण बिलात आकडा वेगळा का दिसतोय म्हणून डोकं खाजवू नका.

कचरापेटी रस्त्यावर मिळणार नाही. कोनबिनीतच टाका किंवा सोबत पिशवी बाळगा. आणि चालता चालता खाऊ नका, कायदा वगैरे नाही पण बरं दिसत नाही, कामाकुरासारख्या गर्दीच्या गावात तर २०१९ पासून नियमावलीतच तशी विनंती घातली आहे, क्योतोच्या निशिकी मार्केटमध्येही तशा पाट्या आहेत. दुकानासमोर उभं राहून खा, मग पुढे चला.

पायरी ३: देपाचिका आणि एकिबेन

मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात खाण्याचा अख्खा मजला असतो, त्याला देपाचिका म्हणतात. इथेही बोलायची गरज नाही, बोट दाखवायचं, "कोरे कुदासाइ" म्हणजे हे द्या, आणि आकडा बोटांनी. लोणची, तळलेले पदार्थ, सुशीचे डबे, मिठाई, काय बघू आणि काय नको होतं. चव बघायला तुकडे ठेवलेले असतील तर एक घ्या, तीन नका घेऊ. बंद व्हायच्या तासभर आधी डब्यांवर सवलतीचे स्टिकर लागायला लागतात, "हानगाकु" म्हणजे निम्म्या किमतीत, त्या वेळी तिथे गर्दी करणाऱ्या काकू फार तरबेज असतात, त्यांच्या मधे हात घालू नका, मागे उभं राहून शिका.

मिठाईत आनको असतो, लाल घेवड्यासारख्या आझुकी दाण्यांचं शिजवून वाटलेलं गोड सारण, पुरणावर वाढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. माशाच्या आकाराच्या ताइयाकीत तोच, चिकट तांदळाच्या मऊ दाइफुकु मोचीतही तोच.

एकिबेन म्हणजे स्टेशनवर विकतात तो बेंतो डबा, आणि हा प्रकार मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो कारण प्रत्येक भागाचा डबा वेगळा. योकोकावाचा कामामेशी मातीच्या भांड्यात मिळतो, भांडं घरी न्यायचं. तोयामाचा मासु-नो-सुशी लाकडी गोल डब्यात, बांबूच्या पानात दाबलेला ट्राउट मासा आणि भात. सगळ्या देशातले डबे एका जागी हवे असतील तर तोक्यो स्टेशनच्या आत एकिबेनया मात्सुरी नावाचं दुकान आहे, सकाळी लवकर जा. शिनकानसेनमध्ये (बुलेट ट्रेन) डबा उघडून खाणं अगदी रीतीचं, लोकल ट्रेनमध्ये मात्र नाही.

पायरी ४: तिकीट मशीनवालं दुकान

रामेन (रश्श्यातल्या नूडल्स), ग्युदोन (भातावर बीफ), उभं राहून खायचं सोबा, अशा दुकानांत दाराशी मशीन असतं. आधी पैसे टाकायचे, मग बटण दाबायचं, चिठ्ठी येते ती काउंटरवर ठेवायची. जुन्या मशीनवर फक्त जपानी असतं, काही सुचत नसेल तर सगळ्यात वरचं डावीकडचं बटण दाबा, बहुतेक दुकानं आपला मुख्य पदार्थ तिथेच ठेवतात. नवीन टचस्क्रीनवर इंग्रजी असतं. छोट्या दुकानात कार्ड चालेलच असं नाही, हजार येनच्या नोटा जवळ असू द्या, मोठी नोट जुनं मशीन घेत नाही.

चिठ्ठी दिल्यावर आचारी एखादा प्रश्न टाकतो. उभ्याच्या दुकानात तो असतो "सोबा का उदोन", हाकाताच्या (फुकुओका शहरातल्या) रामेनवाल्याकडे तो नूडल्स किती कडक हव्यात असा असतो, "फुत्सु" म्हणा म्हणजे नेहमीसारख्या. हाकाताकडे नूडल्स संपल्या आणि रस्सा उरला तर "काएदामा" म्हणा, थोड्या पैशांत नुसत्या नूडल्सचा दुसरा घाणा वाडग्यात येऊन पडतो. सुर्र करून ओढत खाणं चालतं, उलट तसंच खातात. खाऊन झालं की उठायचं, गप्पा मारत बसायचं नाही, बाहेर लाइन असते. चॉपस्टिक भातात उभ्या खुपसून ठेवू नका आणि चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका, दोन्ही गोष्टी अंत्यविधीतल्या आहेत. टीप ठेवायची पद्धत नाहीच, ठेवलीत तर पोरगा पैसे विसरलात म्हणून रस्त्यावर मागे धावत येईल.

रामेनबद्दल एक, तोनकोत्सु म्हणजे डुकराच्या हाडांचा रस्सा, मिसो आणि शोयु (सोया सॉस) रामेनचा रस्साही बहुतेक ठिकाणी चिकन-पोर्कवरच असतो, वरचा मांसाचा तुकडा काढून ठेवला म्हणजे झालं असं नाही.

शिकोकु बेटावरच्या कागावाला जाणार असाल तर तिथलं सानुकी उदोन ही याच पायरीवरची गोष्ट, पण मशीनशिवाय. ट्रे घ्यायचा, लहान-मध्यम-मोठं सांगायचं (शो, चू, दाइ), गरम की गार ते सांगायचं, पुढे सरकत ताटातला तेम्पुरा (पिठात बुडवून तळलेल्या भाज्या-मासे) आपल्या चिमट्याने उचलायचा, शेवटी पैसे. काही दुकानांत नूडल्स स्वतः गरम पाण्यात हलवून घ्याव्या लागतात, बांबूची जाळी हातात देतात, पुढचा माणूस करतो तसं करायचं. दुपारी दोनच्या आत जा, बरीच दुकानं माल संपला की शटर ओढतात.

पायरी ५: फिरतं सुशी

सुशिरो, कुरा सुशी, हामा सुशी अशा चेन आहेत, टेबलावर टॅबलेट, इंग्रजी मेन्यू, हवं ते दाबा, पट्ट्यावरून सरसर करत तुमच्यासमोर येऊन थांबतं. पूर्वीसारख्या ताटल्या मोकळ्या फिरताना आता कमी दिसतात, २०२३ मध्ये काही आगाऊ गिऱ्हाइकांनी फिरत्या ताटल्यांना हात-तोंड लावून व्हिडिओ काढले त्यानंतर बऱ्याच ठिकाणी फक्त ऑर्डरचंच येतं. टेबलाला जोडलेला काळा नळ गरम पाण्याचा आहे, हात धुवायचा नाही, कपात हिरव्या चहाची पूड घालून त्यावर ते पाणी घ्यायचं. कच्चं खायची हिंमत नसेल तर तामागो म्हणजे अंड्याची, एबी म्हणजे उकडलेल्या कोळंबीची, काप्पा-माकी म्हणजे काकडीची, उनागी म्हणजे भाजलेल्या ईल माशाची, अशी सुरुवात करता येते. मग सामन. मग बाकीचं आपोआप.

पायरी ६: ज्या गावात आहात तिथलं खा

इथपर्यंत आलात की आता गावानुसार ठरवा. जपानमध्ये प्रत्येक गाव आपल्या पदार्थाची जाहिरात स्टेशनच्या खांबापासून सुरू करतं त्यामुळे शोधायला कष्ट नाहीत. ओसाकात ताकोयाकी (आत ऑक्टोपसचा तुकडा घातलेले पिठाचे गोळे) आणि कुशिकात्सु, कुशिकात्सु म्हणजे काडीला लावून तळलेलं काहीही, कांदा, कमळकाकडी, चीज, कोळंबी, आणि सगळ्यांना सामायिक सॉसचं भांडं असेल तर काडी एकदाच बुडवायची, खाल्लेली काडी परत बुडवलीत तर ओरडा बसतो (हल्ली बऱ्याच दुकानांत सॉसची बाटलीच देतात). ओकोनोमियाकी, म्हणजे कोबीचं जाड धिरडं, ओसाकात सगळं कालवून करतात, हिरोशिमात पातळ धिरड्यावर कोबीचा डोंगर, पोर्क, नूडल्स आणि अंडं असे थर रचतात. हिरोशिमाला ओकोनोमिमुरा नावाची बिल्डिंग आहे, मजल्यामजल्यावर हीच दुकानं, समोर तव्याशी बसायचं आणि "बुता नाशि" म्हणायचं, म्हणजे पोर्क नको. ते काढून देतात, दिवसातून दहा वेळा ऐकतात ते. वरून भुरभुरवलेले, वाफेने हलणारे तांबूस काप म्हणजे पुन्हा कात्सुओबुशी, तेही नको असेल तर आधीच सांगा.

होक्काइदोत मटणप्रेमींची चंगळ आहे, जिंगिसुकान म्हणजे घुमटासारख्या तव्यावर स्वतः भाजून खायचं मेंढीचं मटण, आणि साप्पोरोचं सूप करी, पातळ रस्सा, त्यात अख्खा चिकनचा पाय, मोठे भाजीचे तुकडे, तिखटाचा आकडा तुम्ही सांगायचा. जपानी लोकांच्या तिखटाच्या मधल्या आकड्याला आपल्याकडे फोडणीचं वरण म्हणतात, तेव्हा बिनधास्त वरचा सांगा. नागोयात सकाळी अकराच्या आत कॉफीशॉपमध्ये गेलात तर कॉफीच्या पैशातच टोस्ट आणि अंडं येतं. नागानोत झेनकोजी देवळाच्या रस्त्यावर ओयाकी मिळतात, भाज्यांचं सारण भरून भाजलेल्या. ओकिनावात कारलं खातात, गोया चाम्पुरु, तोफू आणि अंड्याबरोबर परतलेलं, बहुतेक वेळा पोर्क घालून. तोक्योत सुकिजीचा बाहेरचा बाजार अजून आहे, घाऊक मासळीबाजार तेवढा २०१८ मध्ये तोयोसुला हलला, सकाळी जा, दुपारपर्यंत सगळं आवरतं.

दुपारच्या जेवणाचा एक हिशोब लक्षात ठेवा. जी दुकानं रात्री परवडत नाहीत ती साडेअकरा ते दोन या वेळात तेइशोकु देतात, भात, मिसो सूप, लोणचं आणि मुख्य पदार्थ असं ताट, आणि तेही बरंच स्वस्त. दोन ते पाच बरीच दुकानं बंद. दुकान निवडताना तिथले लोक ताबेलोग ही रेटिंगची साइट बघतात, त्यावर ३.५ रेटिंग म्हणजे उत्तम दुकान, आपल्यासारखं ४.८ च्या खाली बघतच नाही असं करू नका. बाहेर नाव लिहायची वही असेल तर छोटं नाव लिहा. कुलकर्णी लिहिलंत तर पुकारणाऱ्या बाईचे हाल होतात.

पायरी ७: इझाकाया

इथे आता बोलायला लागतं. संध्याकाळी पाच-सहानंतर उघडणारी, पिण्याबरोबर खायची जागा. बसल्या बसल्या गरम ओला नॅपकिन येतो आणि न मागवता एक छोटी वाटी येते, मुळ्याचं काहीतरी, तोफूचं काहीतरी. ही फुकट नाही, ओतोशी म्हणतात, ओसाकाकडे त्सुकिदाशी, बसायचे पैसे समजा, माणशी तीनशे ते पाचशे येन. फसवणूक झाली म्हणून भांडू नका.

ऑर्डर एकदम द्यायची नाही. आधी "तोरिआएझु बिरु", म्हणजे तूर्तास बिअर, पीत नसाल तर "ऊलोंग चा". त्यासोबत एदामामे, म्हणजे मीठ लावलेल्या सोयाबीनच्या शेंगा. मग दोन-दोन काड्या याकितोरी (काडीला लावून भाजलेलं चिकन), नेगिमा (चिकन आणि कांद्याची पात), त्सुकुने (चिकनचे गोळे), विचारतील "शिओ का तारे", मीठ की सॉस, पहिल्यांदा मीठ सांगा म्हणजे कोळशाची चव कळते. मग काहीतरी तळलेलं, शेवटी भात किंवा नूडल्स. वेटरला बोलवायला "सुमिमासेन" जरा मोठ्याने म्हणायचं, टाळी नाही, चुटकी तर नाहीच. बिलासाठी दोन्ही तर्जनी एकमेकींवर फुलीसारख्या धरून दाखवा, पैसे बहुतेक दाराजवळच्या काउंटरवर द्यायचे.

नोमिहोदाइ म्हणजे ठरलेल्या वेळात हवं तेवढं प्या, दीड किंवा दोन तास, शेवटची ऑर्डर अर्धा तास आधी घेतात. तीन ग्लासच्या वर पिणारे असाल तरच परवडतं. पिण्याचं वय २०. आणि दुकानातले फळांच्या चित्रांचे कॅन मुलांना देण्याआधी टक्के वाचा, चूहाइ हुबेहूब ज्यूससारखे दिसतात आणि काहींत ९ टक्के अल्कोहोल असतं.

पायरी ८: साके, जरा सावकाश

आपण साके म्हणतो ते निहोनशु, तांदळाचं, साधारण १५-१६ टक्क्यांचं, म्हणजे वाइनपेक्षा जरा वर, शॉट मारायची वस्तू नाही. लेबलवर तीन गोष्टी बघा. जुनमाइ म्हणजे बाहेरून अल्कोहोल न घातलेली. गिंजो म्हणजे तांदळाचा दाणा घासून घासून ६० टक्के किंवा कमी उरवलेला, दाइगिंजो म्हणजे ५० टक्के किंवा त्याहून कमी, जितका दाणा घासलेला तितका फळासारखा वास आणि तितकी किंमत. महाग तीच चांगली असं अजिबात नाही, खाण्याबरोबर साधी जुनमाइ कोमट करून जास्त छान लागते, दाइगिंजो गार आणि नुसतीच.

काही दुकानांत चौकोनी लाकडी पेटीत ग्लास ठेवून तो भरून वाहेपर्यंत ओततात, पेटीतही सांडतं, ते मुद्दामच. आधी न उचलता वाकून ओठ लावून एक घोट कमी करायचा, मग ग्लास उचलायचा, शेवटी पेटीतलं ग्लासात ओतून घ्यायचं. सोबत कोणी असेल तर त्याचा कप तुम्ही भरा, तुमचा तो भरेल.

चव घ्यायची सोपी जागा हवी असेल तर निगाता प्रांतातल्या एचिगो-युझावा स्टेशनवर पोन्शुकान आहे, तोक्योहून शिनकानसेनने सव्वा तासाच्या आसपास. थोड्या पैशांत छोटा कप आणि टोकन मिळतात, भिंतभर साकेचे नळ, प्रत्येक वेगळ्या ब्रुअरीचा, टोकन टाकून बटण दाबलं की कपभर येते. सोबत तऱ्हेतऱ्हेची मिठं आणि मिसोबरोबर खायला काकडी. गावातल्या ब्रुअरीत जायचं असेल तर ताकायामा किंवा हिरोशिमाजवळचं साइजो, दाराबाहेर सुगिच्या (जपानी देवदाराच्या) पानांचा मोठा गोळा टांगलेला दिसला की ती ब्रुअरी, गोळा हिरवा असेल तर नवी साके नुकतीच निघाली आहे, तपकिरी झाला की बरेच महिने झाले. कागोशिमाकडे साकेऐवजी रताळ्याची शोचू, ओकिनावात आवामोरी, दोन्ही डिस्टिल केलेल्या, जास्त कडक, पाणी घालून प्या.

न पिणाऱ्यांनी क्योतोजवळच्या ऊजीला जाऊन माचा (हिरव्या चहाच्या पुडीचा चहा) प्यावा, किंवा कामाकुराच्या होकोकुजी देवळात, बांबूच्या बनासमोर बसून. आधी गोड खायचं, मग चहा, साखर मागू नये. आमाझाके नावाचं गोड तांदळाचं पेय आहे त्यात दोन प्रकार असतात, कोजीपासून (तांदळावर वाढवलेली बुरशी) केलेलं बिनअल्कोहोलचं आणि साकेच्या चोथ्याचं, त्यात किंचित असतं, विचारून घ्या.

पूर्ण शाकाहारी असाल तर

दाशीही नको असेल तर रस्त्यावरच्या दुकानावर भरवसा ठेवू नका, ठिकाणं ठरवून जा. सगळ्यात उत्तम शोजिन र्‍योरी, बौद्ध मठातलं जेवण, त्यात मांस-मासे नाहीतच आणि दाशीही कोंबू आणि शिताके मशरूमची. कांदा-लसूणही परंपरेने वर्ज्य, त्यामुळे आपल्याकडे चातुर्मास पाळणाऱ्यांना हे एकदम जवळचं वाटतं, जैन मंडळींनी मात्र कंदमुळं असतात हे लक्षात घ्यावं. कोयासान या बौद्ध देवळांच्या डोंगरगावात पन्नासेक देवळांत राहायची सोय आहे, संध्याकाळी लवकर ताटं खोलीत किंवा हॉलमध्ये मांडतात, त्यातला गोमा-दोफू चुकवू नका, नावात तोफू असला तरी सोयाबीनचा नाही, तिळाचा, जिभेवर अक्षरशः सरकतो. क्योतोत तेनर्‍युजी देवळातही असं जेवण मिळतं. तोक्यो स्टेशनच्या आत टीज तानतान नावाचं वीगन रामेनचं दुकान आहे. तोक्योतच निशिकासाईला आपली बरीच वस्ती आहे, मराठी घरंही, किराणा आणि इडली-डोसा दोन्हीची सोय होते. बाकी गावोगाव "इंडियन" रेस्टॉरंट दिसतील ती बहुतेक नेपाळी लोक चालवतात, उशीएवढा गोडसर नान देतात, अडीअडचणीला उत्तम.

र्‍योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी निवासात, दोन जेवणांसकट बुकिंग केलं असेल तर काय चालत नाही ते बुकिंग करतानाच लिहा. पोचल्यावर सांगून उपयोग नाही, सगळं आधीपासून मांडलेलं असतं, मालकीणबाई तोंडभर माफी मागतील पण पानात मासाच येईल.

परत निघताना

ताज्या मोची एक-दोन दिवसच टिकतात, डब्यावरची तारीख बघा. नामाझाके म्हणजे पाश्चराइज न केलेली साके, ती फ्रीजशिवाय नेऊ नका, बाकी बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत, भारतात माणशी दोन लिटरपर्यंत ड्यूटी नाही. बिस्किटं-चॉकलेटं ऑफिससाठी घेणार असाल तर जिलेटिन आणि चरबी कॅमेऱ्याने वाचून घ्या, नंतर तो खोका ऑफिसमध्ये तसाच पडून राहतो. आणि मिसो हौसेने हँडबॅगेत ठेवाल तर सिक्युरिटीवाले लिक्विड म्हणून काढून घेतील, तोही चेक-इनमध्येच टाका.